५८००एक्स३डी प्रोसेसरच्या नावाखाली जुना २६०० गळ्यात मारला, फ्लाइट सिमवाल्यांनो सांभाळा

एकूण २६,३०० रुपये गेले. २४,५०० प्रोसेसरचे आणि वर १,८०० 'बायोस', म्हणजे बोर्डवरचा मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम, 'सेट करून देण्याचे'. आकडे आधीच सांगतोय, कारण विकणारा माणूस अजून याच भावाच्या आसपास विकतोय.

फ्लाइट सिम, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवायचा गेम, चालवणाऱ्यांना माझी अडचण समजावून सांगायला नको. बी४५० मदरबोर्ड, रायझन ५ ३६०० प्रोसेसर, ३०६० टीआय ग्राफिक्स कार्ड. समुद्रावर, डोंगरांवर सगळं झकास चालायचं. मुंबईत घाटकोपरवरून २७ नंबरच्या धावपट्टीवर ए३२० विमान उतरवायला घेतलं की सेकंदाला फ्रेम्स पंचविशीच्या खाली, आणि नेमका चाकं टेकायच्या वेळी झटका. डेव्हलपर मोडमध्ये 'लिमिटेड बाय मेनथ्रेड' असं यायचं, म्हणजे प्रोसेसर कमी पडतोय, ग्राफिक्स कार्ड निम्मं रिकामं. म्हणजे कार्ड बदलून काडीचा उपयोग नव्हता. ५८००एक्स३डी माझ्या बोर्डच्या त्याच एएम४ सॉकेटमध्ये (खाचेत) बसतो आणि त्याच्या ९६ एमबी एल३ कॅशमुळे (प्रोसेसरमधल्या वेगवान मेमरीमुळे) सिममध्ये खरोखर फरक पडतो. पण हा २०२२ सालचा प्रोसेसर. आता नवा मिळायची मारामार. ही गरज हे लोक बरोबर हेरतात.

सिमवाल्यांच्या ग्रुपवर त्याची जाहिरात होती. बोलणं जाणकाराचं, मेनथ्रेड, कॅश, रॅमचा स्पीड, सगळं तोंडपाठ. १०,००० बुकिंगचे, १४,५०० कुरियरची पावती दाखवल्यावर. यूपीआयवर नाव दुसऱ्याचंच आलं. 'मेहुण्याचं खातं आहे सर.' नाव जुळत नसेल तर पैसे पाठवू नका, मग तो मेहुणा असो की सख्खा भाऊ.

खोकं सीलबंद आलं. सोबत जीएसटी नंबर छापलेलं बिल. खिडकीतून प्रोसेसरच्या झाकणावर 'रायझन ७ ५८००एक्स३डी' स्वच्छ दिसत होतं. हे पाहून कोण शंका घेईल? मी वर्षानुवर्षं माझे कॉम्प्युटर स्वतः जोडतोय, नवखा नाही. बाहेर काढून दिव्याखाली धरल्यावर झाकणाच्या एका कोपऱ्यात बारीक गोलसर ओरखडे दिसले, पॉलिश पेपरने घासल्यासारखे. जुनी अक्षरं घासून वर नवी कोरलेली होती. खोक्याच्या लेबलवरचा सीरियल नंबर आणि झाकणावरचा नंबर एकच असतो. सील तोडण्याआधी खिडकीतून तो जुळवून बघा, आणि खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढा.

मशीन चालू केलं तर नाव आलं रायझन ५ २६००. लगेच फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, 'सर, तुमचं बायोस जुनं आहे, म्हणून नाव चुकीचं दाखवतंय.' आता यातली मेख बघा. ५८००एक्स३डीला नवं बायोस लागतं हे खरंच आहे, आणि बायोस जुनं असेल तर नाव वेडंवाकडं येऊ शकतं हेही खरं. अर्धं खरं बोलून माणसाला गप्प बसवायची ही पद्धत. मग स्क्रीन शेअर करून १,८०० रुपयांत 'स्पेशल बायोस' टाकून देतो म्हणाला.

त्या वेळी प्रोसेसरची माहिती दाखवणारा विंडोजचा टास्क मॅनेजर माझ्यासमोर उघडा होता. कोअर ६. एल३ कॅश १६ एमबी. खऱ्याचे असतात ८ आणि ९६. तो घाईघाईने म्हणाला, 'ते बंद करा सर, मध्ये येतंय.' मी बंद केलं. तो क्षण आठवला की आजही तळपायाची आग मस्तकात जाते. नाव काहीही येऊ द्या. कोअर आणि कॅशचे आकडे असे कमी होत नाहीत. दोन आकडे समोर होते आणि त्याने मला ते वाचायलासुद्धा वेळ दिला नाही.

१,८०० मिळाल्यावर त्याने फोन उचलणं बंद केलं. तोवर मी जुना ३६०० एका कॉलेजच्या मुलाला ४,२०० ला विकून मोकळा झालो होतो. त्याहून जुना २६०० आता माझ्या बोर्डवर आहे.

पोलीस ठाण्यात गेलो तर पहिला प्रश्न, 'गेमसाठी चोवीस हजार?' मग, 'वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली? दिवाणी मामला आहे, कोर्टात जा.' तिथून सायबरला पाठवलं. सायबरवाले म्हणाले, आरोपी दुसऱ्या जिल्ह्यातला, हद्द आमची नाही, ठाण्यातच द्या. परत ठाण्यात. साहेब बंदोबस्ताला गेलेत. माझ्या हातात नंबर, खातं, बिल, व्हिडिओ, सगळं होतं, आणि एकाही माणसाने तो कागद हातात घेऊन वाचला नाही! बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात, त्यामुळे व्यवहार अधिकृत. हद्दीचं कारण सांगून कुणी परत पाठवलं तर ऐकून घेऊ नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठे घडला याचा विचार न करता माहिती नोंदवून घ्यावी लागते, आणि नकार दिला तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येतं. मी ते पत्र पोस्टाने पाठवलं आहे. ग्राहक आयोगातही जातोय. पाच लाखांपर्यंत तिथे फी लागत नाही.

बिलावरचा जीएसटी नंबर नंतर पोर्टलवर टाकून पाहिला. कापड दुकानाचा निघाला. कुणालाही फुकट तपासता येतो, एक मिनिट लागतं. पैसे देण्याआधी तपासा.

तोच खोक्याचा फोटो आता दुसऱ्या ग्रुपांत फिरतोय, भाव २३,९००. डाव्या कोपऱ्याला खोकं चेपलेलं आहे आणि मागे हिरव्या चौकड्यांची चादर आहे. कुणी बुकिंगचे पैसे भरले असतील तर त्याच्याशी वाद घालत बसू नका, आत्ता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. पैसे खात्यातून पुढे सरकायच्या आत कळवलं तर ते गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.