रणात फुकट मुक्काम, पण गाव हाकेच्या अंतरावर : ठाण्यातून भाड्याने मिळणाऱ्या कॅराव्हॅनचे परीक्षण

ठाणे-नवी मुंबईत चालकासह भाड्याने मिळणारी कॅराव्हॅन बहुतेक लोक रिसॉर्टच्या आवारात उभी करतात. तिथे प्लग असतो, नळ असतो, संडास असतो. त्यामुळे गाडी स्वतःच्या बळावर किती टिकते हे कळतच नाही. आम्ही तिचे परीक्षण कच्छच्या रणासाठी केले आहे : हॉटेल नाही, प्लग नाही, मुक्कामाचे भाडे नाही, मात्र रात्री काही बिघडले तर चालत जाता येईल इतक्या अंतरावर माणसांची वस्ती हवी. कंपनीचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण खाली सांगितलेल्या अडचणी मुख्यतः अशा प्रकारच्या जोडणीच्या आहेत आणि दुसऱ्या कंपनीची गाडी घेतली तरी त्याच गोष्टी तपासाव्या लागतील.

निकाल आधीच सांगतो. डिसेंबर-जानेवारीत, चार जणांनी, एका जागी दोन रात्रींहून जास्त न राहण्याच्या तयारीने जायचे असेल तर गाडी जरूर घ्यावी. एसी, टीव्ही आणि मायक्रोवेव्ह पाहून भुललात तर पहिल्याच रात्री अंधारात बसावे लागेल. पाचपैकी साडेतीन.

गाडीत चार जणांची झोपायची सोय, ४० लिटरचा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज, दोन छोटे पंखे, एलईडी दिवे, ९० लिटरची पाण्याची टाकी, सांडपाण्याची ५० लिटरची टाकी आणि २० लिटरच्या कॅसेटचा (बाहेर काढून ओतता येणाऱ्या मैल्याच्या डब्याचा) संडास आहे. टपावर १६५ वॉटची दोन सोलर पॅनेल सपाट बसवलेली. बॅटरी २०० ॲम्पिअर-तासांची (बॅटरीत किती वीज मावते याचे हे माप) ट्युब्युलर, म्हणजे घरच्या इन्व्हर्टरला असते तशीच.

खरी परीक्षा या बॅटरीची आहे. ट्युब्युलर बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून हाती १०० ॲम्पिअर-तासच धरायचे. रोजचा खर्च असा पडतो : फ्रिज साधारण ३५, दोन पंखे आठ तास चालले तर २४, दिवे ७, चार फोन ५, पाण्याचा पंप १. बेरीज ७२. इथपर्यंत ठीक आहे. पण इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला, त्याला काहीही जोडलेले नसले, तरी तो २० वॉटच्या आसपास वीज खात बसतो. चोवीस तासांत हे ४० ॲम्पिअर-तास होतात, फ्रिजपेक्षाही जास्त! गाडी देताना चालक इन्व्हर्टर सुरूच करून देतो आणि तो बंद करायचा असतो हे कोणी सांगत नाही.

आता जमेची बाजू. कच्छमध्ये डिसेंबरात सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून ४३ अंशांच्या आसपासच असतो. सपाट पॅनेलवर ऊन तिरके पडते, त्यामुळे ३३० वॉटमधून दिवसाला जेमतेम ७५ ॲम्पिअर-तास येतात आणि बॅटरीत मुरेपर्यंत त्यातले साठ-बासष्टच उरतात. इन्व्हर्टर चालू असेल तर रोज पन्नासची तूट, म्हणजे दोन दिवसांत बॅटरी संपली. तो बंद ठेवून फोन १२ व्होल्टच्या सॉकेटवरून चार्ज केले तर तूट दहावर येते आणि चार-पाच दिवसही निभतात. या एका बटणावर सगळी सहल तरते किंवा बुडते.

एसीसाठी ही बॅटरी नाहीच. एक टनाचा एसी ९००-१००० वॉट ओढतो, म्हणजे जेमतेम तासभर चालेल. हिवाळ्यात त्याची गरजही पडत नाही. कच्छमधले नलिया हे गुजरातेतले सर्वांत थंड ठिकाण म्हणून ओळखले जाते, तिथे रात्रीचा पारा दहाच्या खाली उतरतो. तेव्हा एसी विसरा आणि माणशी एक जाड रजई घ्या. टपावरच्या एसीच्या डब्याची सावली मात्र पॅनेलवर पडते आणि एका कोपऱ्यावरची सावलीसुद्धा उत्पादन बरेच खाली आणते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे असतो, म्हणून गाडी अशी लावायची की एसीचा डबा पॅनेलच्या उत्तरेला येईल. सोबत १०० वॉटचे घडीचे पॅनेल नेऊन ते दक्षिणेकडे तोंड करून ४५ अंशांत टेकवले तर रोज तीसेक ॲम्पिअर-तासांची भर पडते. एवढ्याने वरची तूट भरून निघते. सकाळी पॅनेल ओल्या फडक्याने पुसावे, रणातली खारट धूळ दवाने चिकटून बसते.

एक दोष मात्र कंपन्यांनी स्वतःहून दूर करायला हवा. ठाण्याहून भुजपर्यंत सुमारे ८३० किलोमीटर गाडी चालते. एवढ्यात बॅटरी काठोकाठ भरायला हवी, पण भरत नाही. आल्टरनेटरपासून (इंजिनावर फिरून वीज करणाऱ्या यंत्रापासून) मागच्या बॅटरीपर्यंत ६ चौरस मिलिमीटरची केबल सात मीटर ओढलेली आहे. ३० ॲम्पिअर वाहू लागले की जाता-येता मिळून सव्वा व्होल्ट वाटेतच पडतो. आल्टरनेटरचे १४.२ व्होल्ट बॅटरीपाशी १३ होतात आणि तेवढ्यात ती अर्धवटच भरते. उपाय साधा आहे : १६ चौरस मिलिमीटरची केबल आणि मध्ये ३० ॲम्पिअरचा डीसी-डीसी चार्जर, म्हणजे वाटेत पडलेले व्होल्ट पुन्हा वाढवून बॅटरीला देणारे यंत्र. वागळे इस्टेट किंवा रबाळे एमआयडीसीतल्या गाड्यांच्या इलेक्ट्रिशियनला हे काम नवे नाही. गाडी ठरवण्याआधी हा चार्जर आहे का, हे विचारा. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी असलेली गाडी मिळाली तर तीच घ्या. तिच्यातले ८०-९० टक्के वापरता येतात आणि आम्लाची भीती नसते. ट्युब्युलर बॅटरी पलंगाखालच्या बंद खणात असेल तर त्या खणाला बाहेर उघडणारा झरोका हवाच, कारण चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते.

पाण्याचा हिशेब सोपा आहे, पण लोक तिथेच चुकतात. पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी टाकीतून घ्यायचे नाही, त्यासाठी २० लिटरचे दोन जार वेगळे ठेवायचे. भांडी, तोंड-हात आणि संडास मिळून चौघांना दिवसाला तीस लिटर लागतात, म्हणजे टाकी तीन दिवस पुरते. प्रत्येकाने एक बादली अंघोळ केली की साठ लिटर गेले आणि दुसऱ्या सकाळी टाकी कोरडी. टाकी ठाण्यातूनच सोसायटीच्या नळावर भरून न्यावी. रणाच्या काठच्या बोअरचे पाणी बहुधा खारे असते, साबणाला फेस येत नाही आणि पंपाच्या गाळणीवर क्षार बसतो. रात्री पंपाचे बटण बंद ठेवा. एखादा नळ थेंबथेंब गळत असला की दाब उतरतो, पंप दर काही मिनिटांनी टकटकतो आणि झोपेबरोबर पाणीही जाते.

२० लिटरची कॅसेट चौघांना दीड दिवस पुरते. ती रिकामी करायची सोय वाटेत कुठेही नाही. म्हणून दिवसा गावातला किंवा धर्मशाळेतला संडास वापरायचा, गाडीतला फक्त रात्रीसाठी. भरलेली कॅसेट सेप्टिक टँक असलेल्या संडासातच, मालकाला विचारून ओतायची. रणात ओतणे हा गुन्हा समजा. त्या खाऱ्या मातीत घाण सहज कुजत नाही आणि पुढच्या पावसात तेच पाणी पसरते.

आता मुक्कामाची जागा. अमेरिकेत ॲरिझोनातल्या क्वार्टझसाइटजवळ सरकारी जमिनीवर २८ दिवसांत १४ दिवस फुकट राहता येते. हिवाळ्यात तिथे इतक्या गाड्या जमतात की वाळवंटात असूनही शेजार मिळतो. आपल्याकडे असा नियम नाही. कच्छमधली मोकळी दिसणारी जमीनही वनखात्याची, गावच्या गायरानाची, महसूल खात्याची किंवा सीमा सुरक्षा दलाच्या देखरेखीखालची असते. म्हणून इथे फुकट मुक्काम म्हणजे कुणाच्या तरी परवानगीचा मुक्काम. ही परवानगी सहसा मिळते, पण दिवसाउजेडी मागितली तर. संध्याकाळी पाचच्या आत गावात पोहोचा, सरपंचाला किंवा देवस्थानच्या कार्यालयात विचारा, गाडीचा नंबर लिहून द्या. अंधार पडल्यावर आलेल्या अनोळखी गाडीकडे सीमेजवळचा माणूस संशयाने पाहतो, आणि त्याचे बरोबरच आहे.

सर्वांत चांगली जागा काळा डुंगर. कच्छमधला हा सर्वांत उंच डोंगर, माथ्यावर दत्ताचे देऊळ. आपल्याकडच्या माणसाला तिथे परके वाटत नाही. संध्याकाळी कोल्ह्यांना नैवेद्य ठेवतात, तेव्हा दिवे आणि आवाज बंद ठेवावेत. चढ मात्र तीव्र आहे. भरलेल्या टाकीसह गाडी जड होते, म्हणून चढताना खालचा गिअर धरायचा आणि उतरतानाही त्याच गिअरमध्ये यायचे. सतत ब्रेक दाबला तर तो तापून निकामी होतो. वर वारा जोराचा असतो, छत्री-मांडव उघडायचा नाही.

दुसरी जागा लखपत, भुजपासून सुमारे १३५ किलोमीटर. १८१९च्या भूकंपाने सिंधूचे पाणी तोडले आणि हे नांदते बंदर ओस पडले. किल्ल्याच्या आत गुरुद्वारा आहे, लंगर आहे. डोके झाकावे, तंबाखू गाडीतच ठेवावी आणि जेवलात तर भांडी घासायला हात लावावा. धोळावीरा तिसरी. २०२१मध्ये जागतिक वारशात गेलेल्या अवशेषांच्या आवारात नव्हे, तर गावात कुणाच्या तरी अंगणाला लागून गाडी लावावी. रापर ते धोळावीरा सुमारे ९० किलोमीटर आहे, डिझेल रापरलाच भरावे.

जिथे थांबायचे नाही त्या जागाही तितक्याच महत्त्वाच्या. खावडा-धोळावीरा हा रणातून जाणारा सरळ रस्ता फोटोत फार सुंदर दिसतो, पण तो भराव आहे. त्याच्या कडेवरून चाक खाली उतरले की वरचा पांढरा पापुद्र्यासारखा मिठाचा थर फुटतो आणि खालच्या चिखलात गाडी आसापर्यंत बसते. क्रेन येईपर्यंत दिवस जातो आणि भाड्याच्या करारात हे नुकसान तुमचेच धरलेले असते. धोरडोच्या पांढऱ्या रणासाठी परवाना लागतो आणि तो फिरण्यापुरता असतो. छोट्या रणात रानगाढवांचे अभयारण्य आहे, तिथे परवानगीवाचून रात्र काढता येत नाही. आणि वेड्या बाभळीखाली सावलीला गाडी लावू नका. बन्नी भागात ती सगळीकडे माजली आहे आणि तिचे काटे टायर भोसकतात. पंक्चर तिथे कळत नाही, वीस किलोमीटर पुढे गेल्यावर कळते.

करारात तीन गोष्टी पाहा. एक, रोजचे किलोमीटर. धोळावीरा, काळा डुंगर, लखपत करून परत यायला दोन हजारांच्या पुढे पडतात, आणि व्यावसायिक गाडीचा वेग ८० वर बांधलेला असल्याने जाता-येता वाटेत एकेक रात्र धरावीच लागते. सहा दिवसांहून कमीत हे करू नका. दुसरी, चालक कुठे झोपणार? या गाडीत त्याला वेगळी जागा नाही, पुढच्या सीटवर तो आखडून बसतो आणि सकाळी तोच तुम्हाला घाटातून नेणार असतो. त्याच्यासाठी धर्मशाळेत खोली धरा. तिसरी, गुजरातेत दारूबंदी आहे. तलासरी ओलांडण्याआधी गाडीचे सगळे कप्पे पाहून घ्या, आधीच्या प्रवाशांची राहिलेली बाटलीसुद्धा अडचणीत आणते.

गाडी निघण्याच्या आदल्या संध्याकाळीच ताब्यात घ्या. रात्रभर सोसायटीच्या १५ ॲम्पिअरच्या प्लगवर चार्ज करा, फ्रिज तेव्हाच थंड करून ठेवा. गॅसची शेगडी न पेटवता सिलिंडर चालू करून जोडाला साबणाचे पाणी लावा. शेगडीच्या कप्प्याच्या तळाशी हवेचे भोक आहे ना, आणि ते चटईने झाकलेले नाही ना, हेही पाहा, कारण स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि खालीच साचतो. मग घोडबंदर रस्त्याने गायमुखपर्यंत एक फेरी मारा. तिथल्या खड्ड्यांत जे कप्पे उघडतात ते कच्छपर्यंत बंद राहणार नाहीत, त्यांना दोरी बांधा.

परतताना भचाऊला सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या आणि पावती ठेवा. चासिसवर मीठ राहिले तर गंज धरतो, आणि ठाण्यात गाडी परत देताना धुण्याचे पैसे अनामत रकमेतून कापले जातात.