विम एडिटर: सीएनसीवाल्याच्या हातून

गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये सीएनसीचे (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचे) प्रोग्राम मी विममध्येच लिहितो, म्हणजे नुसत्या कीबोर्डवर चालणाऱ्या मजकुराच्या एडिटरमध्ये. फौंड्रीतून पंपाची, व्हॉल्व्हची कास्टिंग येतात, प्रोग्राम लांबलचक असतात आणि हात कायम कूलंटचे. माऊसला हात न लावता सगळं काम उरकतं, मला एवढ्यावरच हा एडिटर आवडला असता.

पण खरी करामत पुढं आहे. प्रोग्रामच्या मधे चार ओळी घातल्या की एन नंबर (ओळींचे क्रमांक) सगळे कोलमडतात. विममध्ये प्रत्येक ओळीला 'एन ०' करायचं, त्या ओळी निवडायच्या, १० टाइप करायचं, मग जी आणि कंट्रोल-ए. एन १०, एन २०, एन ३०, थेट शेवटच्या ओळीपर्यंत नंबर पडतात. लई भारी!

नवी पोरं बिचकतात ती कर्सरला. एच डावीकडं, जे खाली, के वर, एल उजवीकडं. ही बटणं कुणी मनाला आली म्हणून ठरवलेली नाहीत. विमचा पूर्वज व्हीआय हा एडिटर. बिल जॉयनं तो १९७६ मध्ये बर्कली विद्यापीठात लिहायला घेतला, लिअर सिग्लरच्या एडीएम-३ए टर्मिनलवर (मोठ्या कॉम्प्युटरला जोडलेला पडदा आणि कीबोर्ड). त्या कीबोर्डवर बाणांची वेगळी बटणं नव्हतीच, एच-जे-के-एल वरच बाण छापलेले होते. त्याच्याही मागं आस्की आहे, म्हणजे कॉम्प्युटरमधली अक्षरांना आकडे देणारी पद्धत. एच हे एबीसीडीतलं आठवं अक्षर आणि आस्कीत ८ म्हणजे बॅकस्पेस, एक घर मागं. जे दहावं आणि १० म्हणजे लाइन फीड, एक ओळ खाली. एकदा हे कळलं की बटणं पाठ करावी लागत नाहीत, मी शिकाऊ पोरांना आधी हेच सांगतो. शिवाय जॉय घरून ३०० बॉडच्या मोडेमवर काम करायचा, सेकंदाला जेमतेम ३० अक्षरं. मग कमांड आखूड असणारच: दोनदा डी दाबलं, ओळ गेली.

कंट्रोल-एक्स, सी, व्ही हे घराणंच निराळं. कट-कॉपी-पेस्ट झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी बसवलं, आणि ही अक्षरं रुळली ती पुढं अ‍ॅपलमुळं.

त्रास आहे तो एस्केपचा. एडीएम-३ए वर एस्केप आजच्या टॅबच्या जागी होतं, करंगळीजवळ. आता ते पार कोपऱ्यात गेलंय आणि विममध्ये तर टाइप करणं थांबवून कमांडकडं परत यायला ते सारखं लागतं. मी कॅप्स लॉकचंच एस्केप करून टाकलंय, तुम्हीही पहिल्याच दिवशी करा.

मराठी मजकुरासाठी मात्र मी हा घ्या म्हणणार नाही. कीबोर्ड मराठीवर असला की कमांड चालत नाहीत, सारखी भाषा बदलत बसावं लागतं, आणि टर्मिनलमध्ये जोडाक्षरं बऱ्याचदा फुटतात.

पैसे पडत नाहीत. ब्रॅम मूलेनार यांनी १९९१ मध्ये विम लोकांना दिला आणि वापरणाऱ्यांना एवढंच सांगितलं, जमलं तर युगांडातल्या गरजू मुलांसाठी मदत पाठवा. २०२३ मध्ये ते गेले, काम इतरांनी चालू ठेवलंय. शिकायला क्लास नको, सोबत विमट्यूटर येतो. अर्ध्या तासाचा धडा आहे, तो करूनच प्रोग्रामला हात घाला.