२ टीबीची स्वस्त डिस्क घेतली आणि आजीची कानबाईची गाणी गेली

कोणी मोबाईलवरची जाहिरात बघून २ टीबीची स्वस्तातली एसएसडी (कॉम्प्युटरला बाहेरून लावायची डिस्क) मागवली असेल तर हात जोडून सांगते, कॉम्प्युटरवरचा ओरिजिनल डेटा अजून डिलीट करू नका. आधी हे वाचा.

आमचं घर अमळनेरला. घरात एकच कॉम्प्युटर, जुना, ५०० जीबीची हार्ड डिस्क. गेल्या उन्हाळ्यात सी ड्राईव्हची पट्टी लाल झाली, ९ जीबी शिल्लक, साधं एक्सेल उघडायला पण दोन दोन मिनिटं लागायला लागली. सगळ्यात मोठा फोल्डर होता 'घरचे', २१० जीबी. २०११ पासूनचे सगळे फोटो, लग्नं, बारशी, आणि त्यातच आजीचे कानबाईचे व्हिडिओ.

हे व्हिडिओ काय होते ते सांगते. आमच्याकडे खानदेशात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते, नैवेद्याचे रोट होतात, रात्रभर गाणी, आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत बोरी नदीवर विसर्जन. आजीला अहिराणी गाणी इतकी पाठ होती की गल्लीतल्या बाया तिच्यासाठी थांबायच्या. डोळे मिटून म्हणायची, एखादी ओळ आठवली नाही तर गुडघ्यावर डाव्या हाताने ठेका चालूच ठेवायची आणि ओळ सापडली की तिथूनच पुढे. मी तीन वर्षं ते शूट केलं, ११ व्हिडिओ होते. नंतर आजी गेली.

तर जागा करायची म्हणून मी बाहेरची डिस्क शोधत होते आणि दुसऱ्याच दिवशी जाहिरात आली, २ टीबी एसएसडी, ९९९ रुपये, कॅश ऑन डिलिव्हरी. व्हिडिओमध्ये एक जण ती लावून दाखवतोय, हजारभर चांगले रिव्ह्यू. मला वाटलं पैसे तर माल आल्यावर द्यायचेत, यात काय फसवतील? पण पार्सलवाला पैसे घेतल्याशिवाय खोलू देत नाही, आणि खोलूनही काही कळलं नसतं. काळी, मेटलची, छान दिसणारी वस्तू होती. लावली तर विंडोजने १.८१ टीबी दाखवलं. मी तेवढं वाचलेलं होतं की २ टीबीची डिस्क विंडोजमध्ये १.८१ च दिसते, कारण कंपनी हजारने मोजते आणि विंडोज १०२४ ने, त्यामुळे माझा उलट विश्वास बसला.

रात्री कॉपी लावली. खूप स्लो चालली होती, तिथेच शंका यायला हवी होती. दुसऱ्या दिवशी दुपारी झाली. दोन्हीकडे राईट क्लिक करून प्रॉपर्टीज बघितल्या, फाईलींचा आकडा सारखा, साईज सारखी. २०११ च्या फोल्डरमधले पाच-सहा फोटो उघडून बघितले, उघडले. मग कॉम्प्युटरवरचा 'घरचे' शिफ्ट डिलीट केला, म्हणजे रिसायकल बिनमध्ये पण राहिला नाही. पट्टी निळी झाली, कॉम्प्युटर पळायला लागला, आणि साचून राहिलेले विंडोजचे अपडेट पण त्याच रात्री उतरले.

श्रावणात आईला कानबाईच्या आधी आजीचा व्हिडिओ बघायचा होता. डिस्क लावली, फाईल दिसतेय, नाव बरोबर, साईज बरोबर, आणि उघडतच नाही. दुसरी, तिसरी, एकही नाही. २०१४ च्या पुढचं काहीच उघडेना. माझे हात थरथरत होते. आई मागून म्हणाली, "कसाले रडस माय, मी शे ना आठे" (कशाला रडतेस, मी आहे ना इथे), आणि मग तीच रडायला लागली.

जळगावहून भाचा आला, तो हेच काम करतो. त्याने डिस्कचे स्क्रू काढले. आत एवढीशी हिरवी पट्टी, तिच्यावर मोबाईलचं मेमरी कार्ड बसवलेलं आणि वरून गरम गोंदाचा पांढरा गोळा. कार्ड ६४ जीबीचं. तो म्हणाला, मावशी, यांनी आतल्या चिपला खोटं बोलायला शिकवलेलं असतं, ती कॉम्प्युटरला सांगते मी २ टीबी आहे. पहिले ६० एक जीबी खरंच लिहिले जातात, त्यापुढचं सगळं हवेत. नावं आणि साईजची यादी मात्र सुरुवातीच्या खऱ्या जागेत असते म्हणून फोल्डर भरलेला दिसतो. कॉपी झाल्या झाल्या शेवटची फाईल उघडली असती तरी कदाचित उघडली असती, कारण ती कॉम्प्युटरच्या मेमरीतून येते. म्हणून डिस्क इजेक्ट करायची, काढून परत लावायची आणि मग मधल्या आणि शेवटच्या फाईली उघडायच्या.

कार्डातून बाकीचं काही निघणार नव्हतं, तिथे लिहिलंच गेलं नव्हतं. घरच्या हार्ड डिस्कवर त्याने रिकव्हरी चालवली, डिलीट केल्यावर लगेच कॉम्प्युटर बंद केला असता तर बरंच मिळालं असतं, पण मधे दोन महिने गेले होते, त्या जागेवर अपडेट आणि बाकीचं नवीन लिहिलं गेलं होतं. फोटो बरेच आले, नावं गेलेली. ११ व्हिडिओंपैकी २ आले, त्यातला एक अर्धा.

नवीन डिस्क, पेनड्राईव्ह, कार्ड काहीही घ्या, डेटा टाकायच्या आधी चेक करा. व्हॅलिड्राईव्ह नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते ठिकठिकाणी लिहून वाचून बघतं, लवकर होतं. एचटूटेस्टडब्ल्यू पूर्ण डिस्क भरून तपासतं, त्याला स्लो डिस्कवर दिवसभराच्या वर लागतो, लागू द्या. आणि महत्त्वाचं कधीच एका जागी ठेवू नका.

सगळ्यात जास्त जीव याचा जळतो की डिस्कची गरजच नव्हती. भाच्याने सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग स्टोरेज उघडलं, टेम्पररी फाईल्स, रिसायकल बिन, डाऊनलोडमधले तेच ते व्हॉट्सअॅपचे व्हिडिओ काढले, हायबरनेट बंद केलं, अर्ध्या तासात ४७ जीबी मोकळी झाली.

विकणाऱ्याचा नंबर बंद. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, १९३० ला, फोन केला, पण पैसे रोख दिलेले, बँकेत अडवायला काही नव्हतं. ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे, पार्सलवरचं लेबल आणि उघडलेल्या डिस्कचे फोटो जोडलेत. तुम्ही पण लेबल फेकू नका, आणि पार्सल खोलताना व्हिडिओ काढा.

परवा तीच जाहिरात परत दिसली. नाव वेगळं, व्हिडिओ तोच, किंमत ८९९. मी रिपोर्ट केलीय, तुम्हाला दिसली तर तुम्ही पण करा.