१९६६ची मस्टँग: सस्पेन्शन बदलल्यावर चार हजार मैल

गाडी १९६६ची फोर्ड मस्टँग, इंजिन २८९ घनइंचाचं व्ही-८. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, म्हणून ती एप्रिल ते ऑक्टोबर एवढीच बाहेर निघते. या मोसमात चार हजार मैल झाले, तेव्हा आता खात्रीने लिहितो.

आधी वळणावर गाडी होडीसारखी कलायची. सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग सारखं सावरावं लागायचं. मी नव्या स्प्रिंगा आणि शॉकची (दणके शोषणाऱ्या नळ्यांची) यादी करून बसलो होतो. गेल्या उन्हाळ्यात बाबा आले. दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये त्यांची नोकरी झाली. गाडीखाली शिरले, पहार लावून चाक धरणारा आर्म हलवून पाहिला आणि म्हणाले, "स्प्रिंगांच्या मागे काय लागलायस? बुश पार गेलेत, मागचे पाटे बसलेत. आधी ते बघ." बुश म्हणजे सांध्यांतल्या रबरी गाद्या, पाटे म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा.

मार्चमध्ये तिथूनच सुरुवात केली. पुढचे सगळे बुश आणि बॉल जॉइंट नवे, मागे नवे पाटे. पुढच्या स्ट्रट रॉडला मात्र मुद्दाम रबराचेच बुश ठेवले. चाक वरखाली होताना हा दांडा थोडा झुकतो. पॉलियुरेथेनचा कडक बुश त्याला झुकू देत नाही, आणि वाकून वाकून दांडा तिथेच तुटू शकतो. ब्रेक मारताना चाकाला धरून ठेवणारा दांडा हाच, तेव्हा इथे हौस करू नका.

सगळ्यात मोठा फरक पडला तो चार भोकांनी. वरच्या कंट्रोल आर्मचा शाफ्ट जिथे बसतो, तिथे प्रत्येक बाजूला दोन नवी भोकं, जुन्यांपेक्षा बरोबर एक इंच खाली. ही फोर्डच्या क्लाउस आर्निंगची युक्ती; मस्टँगच्याच शर्यतीच्या धाटणीच्या आवृत्तीत, १९६५च्या शेल्बी जीटी ३५०मध्ये, ती होती. मूळ रचनेत गाडी कलली की बाहेरचं चाकही वरून बाहेर झुकतं आणि टायर कडेवर चालतो. आर्म खाली आणल्यावर ते चाक बरंच उभं राहतं, गाडीही कमी कलते. खर्च फक्त चांगल्या ड्रिल बिटचा. स्प्रिंग मात्र वरच्या आर्मवर दाबून बसवलेली असते. दणकट कॉम्प्रेसर नसेल तर हात लावू नका. ती सुटली तर जीव जाईल.

दोन्ही शॉक टॉवर (शॉकचं वरचं टोक धरणारे पत्र्याचे खांब) फायरवॉलला, म्हणजे इंजिनमागच्या पत्र्याच्या भिंतीला, बांधणारा एक्स्पोर्ट ब्रेस बसवताना अख्खा शनिवार गेला. टॉवर साठ वर्षांत आत झुकले होते, भोकं जुळेनात. मध्ये जॅक लावून हळूहळू फाकवले, तेव्हा बोल्ट गेले.

मग एवढं करून पहिल्याच दिवशी गाडी हायवेवर भटकायला लागली. चाकांचे कोन जुळवणाऱ्या अलाइनमेंटवाल्याने जुन्या मॅन्युअलमधले आकडे लावले होते, आणि ते बायस-प्लाय, म्हणजे जुन्या धाटणीच्या टायरसाठीचे आहेत. दुसरीकडे जाऊन रेडियलसाठी (आजच्या टायरसाठी) सांगून करून घेतलं: कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) उणे पाऊण अंश, कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल) अधिक अडीच, टो-इन (चाकांची पुढची टोकं आत वळलेली) एक अष्टमांश इंच. १९६६च्या गाडीत कॅम्बर आणि कॅस्टर आर्ममागच्या शिमांवर (पातळ पट्ट्यांवर) होतात, त्यामुळे वेळ लागतो आणि बरेच जण टाळाटाळ करतात. स्वतः उभं राहून करून घ्या. आता ताशी सत्तर मैलांच्या वेगाला गाडी दोन बोटांवर सरळ चालते.

मन खट्टू झालं ते शेवटी बसवलेल्याच पुढच्या कडक स्प्रिंगांनी (इंचभर दाबायला ६२० पौंड लागतात). गुळगुळीत रस्त्यावर छान, पण एप्रिलमध्ये बर्फ वितळून पडलेल्या खड्ड्यांत दात वाजतात. मागे बसून मुलीची तक्रार सुरू झाली, ती अजून आहे. सोबत बसवलेल्या मोनोट्यूब (एकाच नळीच्या) शॉकमुळे दणका एकदाच बसतो, नंतर गाडी उड्या मारत नाही, एवढाच दिलासा. पुन्हा करायचं झालं तर मूळ ताकदीच्या स्प्रिंगा आणि गाडीचं कलणं रोखणारा एक इंची अँटी-रोल बार यावरच थांबेन.

बुश सात महिन्यांत वाजले नाहीत, मात्र हजार मैलांनी बोल्ट पुन्हा आवळले. टायर सारखे झिजताहेत. यंदाच्या हिवाळ्यात स्प्रिंगा बदलण्याआधी ब्रेक उघडतोय: १९६६च्या मास्टर सिलिंडरला (ब्रेकच्या तेलाला दाब देणाऱ्या पंपाला) एकच सर्किट आहे, एक नळी फुटली तर चारही चाकांचे ब्रेक जातात. दोन सर्किटवाला आणून ठेवलाय.