मर रोगाचा जिवाणू: बायोव्हार लावायचा की फायलोटाइप?

भात काढल्यावर लावलेली वांगी-मिरची हिरवी असतानाच मान टाकते, खोड कापून ग्लासातल्या पाण्यात धरलं की पांढरे धागे खाली उतरतात, म्हणजे मर रोगाचा जिवाणू राल्स्टोनियाच. आता रत्नागिरी-सिंधुदुर्गातून जमवलेल्या सॅम्पलचं वर्गीकरण साखरांवर (बायोव्हार) करायचं की पीसीआरवर, म्हणजे डीएनए तपासून (फायलोटाइप), थिसिसवाल्यांचं घोडं इथेच अडतं.

बायोव्हार ही हेवर्डची १९६४ची पद्धत. एकीकडे लॅक्टोज, माल्टोज, सेलोबायोज या साखरा, दुसरीकडे मॅनिटॉल, सॉर्बिटॉल, डल्सिटॉल ही शुगर अल्कोहोल, प्रत्येकाची वेगळी ट्यूब, जिवाणूने ते वापरून आम्ल केलं की हिरवा मीडिया पिवळा होतो. दोन्ही गट वापरले तर बायोव्हार ३, फक्त अल्कोहोल तर ४, फक्त साखरा तर २, काहीच नाही तर १, आणि साखरांबरोबर एकटं मॅनिटॉल तर ५. खर्च किरकोळ, पण तीन-चार आठवडे ट्यूबांवर नजर ठेवायची, त्यात पावसात लाइट गेली की इन्क्युबेटरची काय गत होते ते कोकणात वेगळं सांगायला नको. कल्चर, म्हणजे सॅम्पलमधून वाढवलेला जिवाणू, जिवंत आणि शुद्धच लागतं. सारखं सबकल्चर केलं, म्हणजे नव्या मीडियावर पुन्हा पुन्हा वाढवलं, तर त्याची रोग करायची ताकद जाते, त्यामुळे निर्जंतुक डिस्टिल्ड वॉटरमध्ये रूम टेंपरेचरला ठेवा.

फायलोटाइप, म्हणजे डीएनएवरून पाडलेला गट, फेगन आणि प्रायरने २००५ मध्ये मांडला. मल्टिप्लेक्स पीसीआर (एकाच ट्यूबमध्ये अनेक डीएनए-तुकडे तपासणारा) दिवसभरात उरकतो, जेलवर २८० बेस पेअरची (डीएनएच्या लांबीचं माप) पट्टी सगळ्यांना येते, सोबत १४४ आली तर फायलोटाइप १, ३७२ आली तर २. शिवाय २०१४ पासून या एका जातीच्या (स्पीशीज) तीन झाल्यात, फायलोटाइप १ आणि ३ आता राल्स्टोनिया स्यूडोसोलानासिॲरममध्ये, म्हणजे थिसिसवर नाव बरोबर लिहायचं तर डीएनए बघावाच लागतो.

पण गंमत अशी की फायलोटाइप १ हा मुळात आशियातला गट, वांगी-मिरचीच्या सॅम्पलला ओळीने तोच आला तर नुसत्या जेलवरून आपापसातला फरक काय दाखवणार? तो बायोव्हार ३-४ मध्ये दिसू शकतो, किंवा मग ईजीएल जीन सिक्वेन्स करून (त्याचा क्रम वाचून) सीक्वेव्हार, म्हणजे फायलोटाइपच्या आतला उपगट, काढा, तिथे पैसे खरे लागतात. मी असतो तर साखरा सगळ्यांच्या केल्या असत्या, कारण बायोव्हार ३, ४ किंवा ५ आला की तो फायलोटाइप १ धरायला हरकत नाही, आणि पीसीआर-सिक्वेन्सिंगला निवडक पाठवले असते. बायोव्हार १ किंवा २ आला तर मात्र पीसीआरला पर्याय नाही, बायोव्हार २ फायलोटाइप २ मध्येही सापडतो आणि फायलोटाइप ४ मध्येही.

आणि शेतकऱ्याने विचारलं की वांग्याचं अर्का निधी वाण टिकेल का अर्का केशव, तर दोन्ही रिपोर्ट बाजूला ठेवायचे, त्याच्याच शेतातला आयसोलेट (रोगट झाडातून वेगळा काढलेला जिवाणू) कुंडीतल्या रोपांना देऊन बघायचा.