११ लाखांच्या टोकनमध्ये अडकलेली आमची पेठेतली बिल्डिंग

पुण्याच्या पेठांमध्ये ज्यांची जुनी कमर्शियल बिल्डिंग आहे आणि घरात विकायचं चाललंय त्यांनी हे वाचा, लांब आहे पण वाचा. जागा घेणारे कसे फसतात हे रोज पेपरात येतं, विकणाऱ्याला कसं लटकवतात ते फारसं येत नाही, कारण त्यात पैसे गेलेले दिसतच नाहीत, उलट खात्यात आलेले दिसतात.

आमची बिल्डिंग लक्ष्मी रोडच्या मागच्या गल्लीत, आजोबांनी घेतलेली. खाली गाळे, वर ऑफिसं, एक ट्यूशन क्लास आणि जिन्याखाली एक शिंपी. प्रॉपर्टी कार्डावर बाबा, काका आणि दोन आत्या अशी चार नावं. भाडेकरू जुने, रेंट कंट्रोलवाले, काहींचं भाडं एवढं किरकोळ की वसूल करायला गेलो तर चहाचा खर्च जास्त होतो. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट भुयारी मेट्रो सुरू झाली, मंडई स्टेशन आमच्यापासून चालत अंतरावर, आणि तेव्हापासून एजंट लोकांचे फोन काही थांबेनात. आत्यांचं म्हणणं होतं की आता विकून मोकळे होऊ, पुढच्या पिढीत भांडणं नकोत. बरोबरच होतं ते.

त्यातल्या एका एजंटने 'इन्व्हेस्टर ग्रुप' आणला. बाणेरला काचेच्या बिल्डिंगमध्ये ऑफिस, कॉन्फरन्स रूम, भिंतीवर मोठा स्क्रीन, त्यावर पुण्याचा मॅप आणि आमची बिल्डिंग लाल ठिपक्यात. (ते ऑफिस तासावर भाड्याने मिळतं हे नंतर कळलं.) काकांनी १२ कोटी सांगितले, म्हणजे बाजारभावापेक्षा चांगले दीड-दोन कोटी वर, म्हटलं घासाघीस होईल आणि दहावर येऊ. समोरचा म्हणाला, "काका, तुमचा शब्द फायनल." अहो पुण्यात माणूस कोथिंबिरीच्या जुडीला भाव करतो, १२ कोटींना कोण एका वाक्यात हो म्हणतं? आईने त्याच रात्री हे बोलून दाखवलं होतं, पण तोपर्यंत चौघांच्या हिश्श्याचे प्रत्येकी तीन कोटी सगळ्यांच्या डोक्यात फिरायला लागले होते.

टोकन ११ लाख, चेकने, चौघांच्या खात्यात वाटून आले, लगेच वटले. त्याबदल्यात ५०० च्या स्टँपवर नोटरी केलेला एमओयू, म्हणजे जागा विकायचं कबूल केल्याचा करार. आमच्या ओळखीतल्या एकांनी सांगितलं की नोंदणी तर केलेली नाहीये, मग घाबरायचं काय, रजिस्टर नाही त्या कागदाला किंमत नसते. हा समज अर्ध्या पुण्याचा आहे आणि सगळा खेळ ह्याच समजावर चालतो. नोंदणी कायद्याच्या कलम ४९ मध्येच लिहिलंय की नोंदणी न केलेला करार सुद्धा करारपूर्तीच्या दाव्यात पुरावा म्हणून चालतो. म्हणजे त्या कागदाने जागा त्याच्या नावावर होत नाही, पण "ह्यांनी मला विकायचं कबूल केलं होतं, आता विकायला लावा" असा दावा लावायला तो पुरतो. आणि त्यांना तेवढंच पाहिजे होतं.

आता त्यातली कलमं सांगतो. एक, बाकी रक्कम 'मार्केटेबल टायटल सिद्ध झाल्यापासून ९० दिवसांत', म्हणजे आमचा मालकी हक्क निर्वेध आहे हे ठरल्यावर. टायटल सिद्ध झालं हे ठरवणार कोण, तर त्यांचा वकील. म्हणजे ९० दिवस कधी सुरूच होत नाहीत. दोन, मालकांनी सगळे भाडेकरू काढून पूर्ण रिकामा ताबा द्यायचा. जुना भाडेकरू काढणं म्हणजे काय हे ज्याने लघुवाद कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्यात त्यालाच कळेल, त्यामुळे पहिल्या दिवसापासून करार मोडणारे आम्हीच, तो बिचारा कायम पैसे घेऊन तयार! तीन, 'खरेदीदार अथवा त्यांनी नेमलेली व्यक्ती'. ह्यातल्या शेवटच्या तीन शब्दांच्या जिवावर आमची बिल्डिंग एजंटांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर १५ कोटींना फिरत होती. म्हणजे हे इन्व्हेस्टर वगैरे कोणी नव्हतेच, ११ लाख टाकून १२ कोटींची जागा अडवायची आणि वरचे तीन कोटी देणारा कोणी सापडतो का बघायचं. सापडला तर उत्तम, नाही सापडला तर मालकाला पिळायचं.

एमओयूबरोबर 'परवानग्यांसाठी' म्हणून एक कुलमुखत्यारपत्र पण घेतलं, महापालिकेत आणि सिटी सर्व्हेत अर्ज करायला. त्याची झेरॉक्स घेऊन त्यांचा माणूस भाडेकरूंकडे गेला. खालचे स्टेशनरीवाले एक दिवस बाबांना म्हणतात, "साहेब, नव्या बिल्डिंगमध्ये मला पुढचा गाळा देताय ना, मी दोन लाख दिलेत." बाबांना काही कळेचना. आणखी विचारल्यावर कळलं की शिंप्याने पण दिलेत. कॅश, पावती नाही. आमच्या सहीच्या कागदाच्या झेरॉक्सवर. ती मुखत्यारी आम्ही लगेच रद्द केली, पेपरात जाहीर नोटीस दिली, पण त्या दोघांचे पैसे गेले ते गेले आणि ते अजून आमच्याकडेच बघतात.

मग काही महिने नुसतं "फंड रिलीज होतोय", "सर दुबईला आहेत", "ऑडिट चालूए". बाबांनी शेवटी लिहून कळवलं की व्यवहार रद्द, टोकन व्याजासकट परत घ्या. घेतलं नाही. त्याऐवजी दिवाणी कोर्टातून समन्स आलं, करारपूर्तीचा दावा, आणि सोबत सब रजिस्ट्रारकडे लिस पेंडन्सची, म्हणजे ह्या जागेवर दावा चालू आहे अशी, नोटीस नोंदवलेली. स्टे मिळालेला नाही त्यांना. पण गरजच नाही, कारण आता जो कोणी गिऱ्हाईक सर्च (जागेच्या जुन्या नोंदींची तपासणी) काढतो त्याला ती नोटीस दिसते, आणि दाव्यातली जागा घेतली तर निकाल त्याच्यावर पण बंधनकारक, मग कोण येतंय? एक चांगली पार्टी आली होती, खरी, बँकवाली, सर्च रिपोर्ट बघून दुसऱ्याच दिवशी मागे फिरली.

वकील म्हणाले पूर्वी असा दावा मंजूर करायचा की नाही हे बरंचसं कोर्टाच्या मर्जीवर होतं, कायद्यात २०१८ ला झालेल्या दुरुस्तीनंतर तो वाव बराच कमी झालाय, त्यामुळे असल्या लोकांना जोर चढलाय. आणि मुदतीचं पण असंय की करारात तारीख असेल तर त्या तारखेपासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो, तारीखच नसेल तर आपण नकार दिल्याचं त्याला कळल्यापासून तीन वर्षं. म्हणून ते लोक तारीख घालतच नाहीत. पोलिसांकडे गेलो तर "हे दिवाणी मॅटर आहे", भाडेकरूंच्या पैशाचा अर्ज तेवढा घेतला.

आता हे आधी कळलं असतं का, तर हो, फुकटात कळलं असतं. एमओयूच्या अकराव्या कलमात सिटी सर्व्हे नंबर आमचा नव्हताच, नारायण पेठेतल्या कुठल्यातरी मिळकतीचा होता. विचारलं तर हसून "टायपिंग मिस्टेक" म्हणाले आणि पेनाने खोडून बाजूला सह्या घेतल्या. दाव्यानंतर मी तो खोडलेला नंबर घेऊन सर्च काढायला लावला, तर त्या मिळकतीवर पण अशीच नोटीस. मग ई-कोर्ट्सच्या साइटवर पुणे जिल्हा निवडून पार्टीच्या नावाने शोधलं, त्यांच्यातला एक पार्टनर बऱ्याच दाव्यांत वादी म्हणून निघाला. एमसीएच्या (कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या केंद्रीय मंत्रालयाच्या) साइटवर त्यांची एलएलपी, म्हणजे भागीदारी फर्म, बघितली, एक लाखाचं भांडवल, आमच्याशी बोलणी सुरू व्हायच्या जेमतेम आधी काढलेली. ह्या दोन्ही साइट कोणालाही बघता येतात.

आणि एक गोष्ट आमच्या सीएने पकडली जी मला सगळ्यात भारी वाटली. ५० लाख किंवा त्याच्या वरच्या प्रॉपर्टीला घेणाऱ्याने प्रत्येक हप्त्यातून १ टक्का टीडीएस कापून भरायचा असतो, टोकनमधून पण. आम्हाला ११ लाख पूर्णच्या पूर्ण आले म्हणून आम्ही खूश! ज्याला खरंच घ्यायचंय तो ११ हजार कापतो आणि ते आपल्या २६एएस मध्ये (इन्कम टॅक्सच्या साइटवरच्या आपल्या टीडीएसच्या नोंदीत) दिसतात. ह्यांनी कापलेच नाहीत, कारण व्यवहार करायचाच नव्हता.

आता आत्याच्या सासरकडच्या एकांची तपकीर गल्लीतली जागा निघालीय, त्यांना आमच्या वकिलांनी जो ड्राफ्ट करून दिलाय त्यात शेवटची तारीख कॅलेंडरची आहे, 'अमुक झाल्यापासून' असं काही नाही, त्या तारखेला पैसे आले नाहीत तर करार आपोआप रद्द आणि टोकन जप्त. नॉमिनीचा, म्हणजे 'नेमलेल्या व्यक्ती'चा, शब्द काढलाय. भाडेकरूंसकट आहे तशी जागा घ्यायची, रिकामी करून मागायची नाही. मुखत्यारी अजिबात नाही, अर्जांवर सह्या मालक स्वतः करणार. टोकन पण एक-दोन टक्क्यांवर भागवलं नाही, दहा टक्के मागितले, आणि हे ऐकल्यावर आलेल्या तीन पार्ट्यांपैकी दोन गायब झाल्या. शिवाय तारीख उलटली तर लगेच रद्दची नोटीस आणि कोर्टात कॅव्हेट टाकायचं ठरलंय, कॅव्हेट ९० दिवस चालतं, म्हणजे आपलं न ऐकता परस्पर स्टे मिळत नाही.

आमचं म्हणाल तर कैफियत (दाव्याला आमचं लेखी उत्तर) दाखल झालीय, पुढची तारीख दिवाळीनंतरची. मध्ये एजंटमार्फत निरोप आला की ६० लाख द्या, दावा काढून घेतो आणि नोटीस पण रद्द करून देतो. काका म्हणतात दमडी देणार नाही. धाकटी आत्या म्हणते देऊन टाका, मला माझ्या हयातीत हिस्सा बघायचाय. बाबा दोन्हीकडून ऐकून घेतात आणि वकिलांना फोन लावतात, वकील म्हणतात आधी साक्षीपुरावा सुरू होऊ दे, उलटतपासणीत १२ कोटी कुठून आणणार होतास हे विचारलं की आकडा खाली येतो. घरात अजून ठरलेलं नाही.