एअर रायफलचं ट्रिगर ब्लेड बदललं: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

"गंज वॉरंटीत बसत नाही. हवं तर सिलिंडर रिकामा करून अख्खी रायफल मुंबईला पाठवा." चवथीच्या तोंडावर सर्व्हिसवाल्याने एवढं ऐकवून फोन ठेवला. अडचण काय, तर मिरीच्या दाण्याएवढा एक स्क्रू! गोव्यात राहून 10 मीटर एअर रायफल खेळणाऱ्यांनी हे वाचावंच, म्हणून लिहितो.

माझी रायफल जुनी. पूर्ण ट्रिगर युनिटचा भाव ऐकला, तेवढ्यात पेलेटचे (छऱ्यांचे) किती डबे येतील याचा हिशेब केला आणि नुसतं ब्लेड, म्हणजे बोट टेकतं ती पट्टी, घेतलं; पुढे-मागे सरकणारं, थोडं तिरकंही फिरवता येणारं. सुरुवातीला समाधान नव्हतं. एअर पिस्तुलाच्या ट्रिगरला किमान 500 ग्रॅम दाबाची अट, रायफलला तसं बंधन नाही. मग ट्रिगर हलका झाला नाही तर पैसे कशाचे, असं वाटायचं.

आता तसं म्हणणार नाही. टार्गेटवरचा दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. ब्लेड बोटाच्या पेराखाली नीट आलं आणि दाब सरळ मागे जायला लागला, तसा आडवा पसरणारा माझा ग्रुप (टार्गेटवरच्या छिद्रांचा पुंजका) गोल झाला. फर्स्ट स्टेज, म्हणजे ट्रिगरची सुरुवातीची हलकी खेच, संपली की बोटाला ठाम अडथळा लागतो, तिथे थांबून नेम धरता येतो. ट्रिगर फार हलका केला की तो अडथळाच कळत नाही आणि शॉट मनात नसताना सुटतो. रेंजवर ते धोक्याचंच.

तर तो स्क्रू. ब्लेड जागेवर धरणारा, बिनडोक्याचा, साध्या पोलादाचा. एसी रेंजवरून गार रायफल बाहेरच्या दमट हवेत आणली की धातूला लगेच पाणी सुटतं, केसमधला फोम ते धरून ठेवतो. जुलैत स्क्रूवर तांबूस थर आला. अॅलन की आत गरगर फिरायला लागली आणि आवळता न आल्याने ब्लेड हळूहळू पुढे सरकलं. इतक्या महागड्या वस्तूत स्टेनलेसचा स्क्रू घालायला कंपनीला काय धाड भरली होती?

शेवटी म्हापशाच्या बाजारातून त्याच मापाचा स्टेनलेस स्क्रू आणला. किंमत चहाच्या कपाएवढी. लांबी तंतोतंत हवी, नाहीतर तो खाली टेकतो. आता रेंजवरून आल्यावर केस उघडी ठेवतो, रायफल खोलीइतकी कोमट झाली की पुसतो आणि सिलिका जेलच्या पुड्या टाकूनच बंद करतो. ट्रिगरच्या आत तेल मात्र सोडत नाही. त्यावर धूळ चिकटते आणि खेच बदलते.

सेकंड स्टेज, म्हणजे त्या अडथळ्यापुढची शॉट सोडणारी खेच, दर वेळी वेगळी लागत असेल तर बहुधा आतले भाग झिजलेत, तिथे ब्लेडने भागणार नाही. मग युनिटच घ्या. पण पैसे मोजण्याआधी सुटे स्क्रू वेगळे मिळतात का, ते लेखी विचारून घ्या.